अर्धशिशी, सुंठ आणि हळद : एका घरगुती उपायाचा इतिहास



अर्धशिशीचे झटके महिन्यातून चार-पाच वेळा येऊ लागले की मी रुग्णाला सांगतो, "आता प्रत्येक झटक्याला वेदनाशामक गोळी घेत बसू नका. झटका येऊच नये म्हणून काही महिने रोज औषध घ्यावे लागेल." यावर बहुतेक वेळा ठरलेला प्रश्न येतो. "डॉक्टर, रोज गोळी नको वाटते. त्यापेक्षा काही झाडपाल्याचं नाही का? आमच्याकडे सुंठ चालते, हळदीचं दूध चालतं."

मी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या रुग्णांना तपासतो. सातारा म्हटले की आले आणि सांगली म्हटले की हळद, हे महाराष्ट्राला सांगावे लागत नाही. कोरेगावच्या शेतकऱ्याने आल्याबद्दल आणि हरिपूरच्या गृहिणीने हळदीबद्दल हा प्रश्न विचारला, तर तो हसण्यावारी नेता येत नाही. त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' अशा एका शब्दात देता येत नाही, म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. वनस्पती वापरून अर्धशिशी टाळण्याचे प्रयत्न जगात अनेक ठिकाणी झाले. त्यातले काही थोडेफार यशस्वी झाले, काही फसले आणि एक तर चांगलेच महागात पडले.

नाव जुने, आजार जुना

'अर्धशिशी' म्हणजे अर्धे डोके दुखणे. इंग्रजीतला 'मायग्रेन' हा शब्दही मूळच्या 'हेमिक्रेनिया' या ग्रीक शब्दावरून आला आणि त्याचाही अर्थ 'अर्धी कवटी' असाच आहे. दोन वेगळ्या संस्कृतींनी एकच लक्षण पाहून एकसारखेच नाव ठेवले.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोक्याचे ११ विकार दिले आहेत. त्यात 'अर्धावभेदक' आहे. अर्ध्या डोक्यात फुटल्यासारखी, टोचल्यासारखी वेदना होते, चक्कर येते आणि हा त्रास दर दहा-पंधरा दिवसांनी किंवा अचानक उद्भवतो, असे वर्णन तिथे सापडते. आजार ठराविक काळाने परत परत येतो, ही त्याची खरी ओळख आहे आणि ती त्या वैद्यांनी अचूक टिपली होती. 'सूर्यावर्त' हा आणखी एक प्रकार सांगितला आहे. त्यात ऊन चढेल तशी वेदना चढते आणि सूर्य कलला की उतरते. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात कारणे दिली आहेत. कोरडे अन्न, खाल्ल्यावर पुन्हा खाणे, पूर्वेचा वारा, दव, नैसर्गिक वेग दाबून ठेवणे आणि अतिश्रम ही त्यांपैकी काही. आज आम्ही रुग्णाला उपाशी राहू नका, जागरण टाळा, उन्हात फिरू नका असे सांगतो. दोन याद्या शेजारी ठेवल्या तर कारणे पूर्ण जुळत नाहीत, पण विचाराची पद्धत सारखी दिसते.

आजच्या समजुतीनुसार अर्धशिशी हा मेंदूच्या अतिसंवेदनशीलतेचा आणि बऱ्याच अंशी आनुवंशिक असा विकार आहे. चेहरा व डोक्याची संवेदना वाहून नेणारी ट्रायजेमिनल नस उद्दीपित होते, तिच्या टोकांतून काही रसायने स्रवतात आणि मेंदूच्या आवरणातील रक्तवाहिन्यांभोवती वेदना सुरू होते. मळमळ, उजेड आणि आवाज सहन न होणे हे सगळे त्याचाच भाग. बेंगळुरू आणि आसपासच्या भागात झालेल्या एका पाहणीत वर्षभरात सुमारे २५ टक्के प्रौढांना मायग्रेनचा त्रास झालेला आढळला. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो बराच जास्त असतो. तरीही 'बाईचे डोके दुखते' ही गोष्ट घरात सगळ्यात शेवटी मनावर घेतली जाते.

सहाणेवरची सुंठ

आपल्याकडच्या जुन्या घरांत अर्धशिशीवरचे उपाय ठरलेले असत. सुंठ किंवा वेखंड सहाणेवर उगाळून कपाळावर लेप, नाकात गाईच्या तुपाचे दोन थेंब, सकाळी सूर्य वर येण्याआधी दूध-जिलेबी. शंकर दाजी पदे यांच्या 'आर्यभिषक'सारखी पुस्तके घरी बाळगून लोक स्वतःच औषधे करत. १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केले आणि शस्त्रक्रियेसाठी दूरदूरचे लोक तिथे येऊ लागले. तरी डोकेदुखीसाठी कोणी मिरज गाठत नसे, त्यासाठी आजीची सहाण होती. साताऱ्याच्या जुन्या आयुर्वेद महाविद्यालयाचे नावच 'आर्यांग्ल' आहे. आर्य आणि आंग्ल ही दोन्ही वैद्यके एकत्र नांदावीत ही त्या काळची इच्छा त्या नावात दिसते.

सुंठेची गोष्ट मग प्रयोगशाळेपर्यंत गेली. आले वाळले की त्यातील 'जिंजरॉल' या द्रव्याचे काही प्रमाणात 'शोगॉल'मध्ये रूपांतर होते, म्हणूनच सुंठ ओल्या आल्यापेक्षा तिखट लागते. ही द्रव्ये दाह निर्माण करणाऱ्या काही रसायनांना आवर घालतात आणि मळमळ कमी करतात. १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रवासातील मळमळीवर आल्याचा उपयोग होतो असा प्रयोग छापून आला. १९९० मध्ये डेन्मार्कमधील मुस्तफा आणि श्रीवास्तव या संशोधकांनी ४२ वर्षांच्या एका स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. झटक्याची चाहूल लागताच ती सुंठेची अर्धा ग्रॅमच्या आसपास पूड पाण्यातून घेई आणि अर्ध्या तासात तिला आराम पडे. आयुर्वेदातील वापराचा उल्लेख त्या लेखात आवर्जून होता. पण ही एकाच रुग्णाची हकिगत होती. तिच्यावरून शंका घेता येते, निष्कर्ष काढता येत नाही.

२०१४ मध्ये इराणमध्ये १०० रुग्णांवर प्रयोग झाला. निम्म्यांना झटका येताच २५० मिलिग्रॅम सुंठ पूड, म्हणजे चहाच्या चमच्याचा साधारण आठवा भाग, आणि निम्म्यांना 'सुमाट्रिप्टान' ही मायग्रेनची प्रसिद्ध गोळी दिली. दोन तासांनी दोन्ही गटांत जवळपास सारखाच आराम दिसला. ही बातमी वर्तमानपत्रांतून आणि नंतर व्हॉट्सअ‍ॅपवरून भरपूर फिरली. त्यात एक उणीव होती. ज्यांना काहीच औषध नसलेली फसवी गोळी दिली आहे असा तिसरा गट त्या प्रयोगात नव्हता.

हा सगळा विचार झटका आल्यावर काय घ्यावे याचा झाला. तुमचा प्रश्न झटका टाळण्याचा आहे. त्याचे उत्तर ब्राझीलमधल्या संशोधकांनी शोधले. १०७ रुग्णांपैकी काहींना आल्याचा अर्क रोज तीन वेळा आणि काहींना तशीच दिसणारी फसवी कॅप्सूल तीन महिने दिली. दोन्ही गटांत झटके कमी झाले, पण सारखेच कमी झाले. म्हणजे रोज आले घेतल्याने झटके टळतात हे सिद्ध झाले नाही. साताऱ्याच्या आल्याविषयी मला कितीही माया असली तरी हे उत्तर तुमच्यापासून लपवता येणार नाही.

पेवातली हळद

हळदीकडे वळू. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खोल खणलेली पेवे आहेत. तिथली माती अशी की पाणी आत झिरपत नाही, त्यामुळे हळद वर्षानुवर्षे किडीविना टिकते. २००५ च्या महापुरात यातली पुष्कळ पेवे निकामी झाली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले.

हळदीची आणखी एक लढाई तुम्हाला आठवत असेल. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. संस्कृत ग्रंथ आणि १९५३ मधला एक भारतीय वैद्यकीय लेख असे पुरावे सादर केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. आपल्याला अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण त्या खटल्यात सिद्ध काय झाले, तर हा वापर जुना आहे, नवा शोध नाही. तो किती गुणकारी आहे हा प्रश्न पेटंट कार्यालयापुढे नव्हताच. 'जुने आहे' आणि 'गुण येतो' ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले पोथी दाखवून सिद्ध होते, दुसरे फक्त रुग्णांवर तपासून.

अर्धशिशीसाठी हळदीतले 'कर्क्युमिन' तेहरानमध्ये तपासले गेले. अतिसूक्ष्म रूपातले ८० मिलिग्रॅम कर्क्युमिन आणि माशाच्या तेलातले ओमेगा-३ एकत्र दिल्यावर झटके कमी झाल्याचे दिसले. हे प्रयोग लहान होते आणि दोन महिनेच चालले. शिवाय ते कर्क्युमिन स्वयंपाकघरातल्या हळदीसारखे नसते. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के असते आणि त्यातलेही फार थोडे रक्तात पोहोचते. १९९८ मध्ये बेंगळुरूच्या संशोधकांनी दाखवले की मिऱ्यातील 'पायपरीन' सोबत दिले तर माणसात कर्क्युमिनचे शोषण सुमारे २० पटींनी वाढते. लगेच बाजारात हळद आणि मिऱ्याच्या अर्काच्या गोळ्या आल्या. पाठोपाठ इटली आणि अमेरिकेतून अशा गोळ्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला सूज आल्याच्या नोंदीही आल्या. भाजीतली हळद आणि बाटलीतला अर्क या दोन निराळ्या वस्तू आहेत. भाजीतल्या हळदीला कोणी घाबरू नये.

विलायती फूल आणि आपले गाजर गवत

युरोपात अर्धशिशीवरची सगळ्यात प्रसिद्ध वनस्पती 'फिव्हरफ्यू'. शेवंतीच्या कुळातली, पांढऱ्या पाकळ्यांची, पिवळ्या मध्याची. १९७० च्या दशकात वेल्समधल्या एका स्त्रीने रोज तिची पाने खाऊन आपली जुनी अर्धशिशी थांबल्याचे सांगितले आणि गोष्ट पसरली. १९८५ मध्ये लंडनमध्ये आधीपासून रोज पाने खाणाऱ्या १७ जणांवर प्रयोग झाला. ज्यांना नकळत फसव्या कॅप्सूल दिल्या, त्यांची डोकेदुखी वाढली. १९८८ मध्ये नॉटिंगहॅमला ७२ जणांवर मोठा प्रयोग झाला आणि झटके २४ टक्क्यांनी कमी झाले. पुढे नेदरलँड्समधल्या प्रयोगात काहीच फरक दिसला नाही. २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेने ६ प्रयोगांतील ५६१ रुग्णांचा एकत्र आढावा घेतला. त्यांतल्या सगळ्यात मोठ्या आणि नीट प्रयोगात फसव्या गोळीच्या तुलनेत महिन्याला सरासरी ०.६ झटका कमी, एवढाच फायदा होता. म्हणजे दोन महिन्यांत साधारण एक झटका वाचला. नाही म्हणता येत नाही, पण मोठाही नाही.

इथे आपल्या भागासाठी एक धोक्याची सूचना. फिव्हरफ्यूच्या शास्त्रीय नावात 'पार्थेनियम' हा शब्द येतो. आणि आपल्या बांधावर, पडीक रानात, रस्त्याकडेला माजलेले गाजर गवत म्हणजेही 'पार्थेनियम'! हे गवत १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेले आणि मग देशभर पसरले. लहान पांढरी फुले त्यालाही येतात. पण ते औषध नाही. त्याने त्वचेची तीव्र अ‍ॅलर्जी आणि दमा होतो. मोबाइलवर नाव वाचून कोणी त्याचा काढा करू नये. ते उपटतानासुद्धा हातमोजे घाला.

शिफारस झाली आणि मागे घेतली

आता महागात पडलेली गोष्ट. 'बटरबर' ही ओलसर जागी वाढणारी युरोपीय वनस्पती. जर्मनीत तिच्या कंदाचा अर्क अर्धशिशीसाठी विकला जाई. २००४ मध्ये २४५ रुग्णांवर प्रयोग झाला. ७५ मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोन वेळा घेणाऱ्यांचे झटके ४८ टक्क्यांनी कमी झाले, फसवी गोळी घेणाऱ्यांचे २६ टक्क्यांनी. २०१२ मध्ये अमेरिकेतील मेंदुविकारतज्ज्ञांच्या संस्थेने बटरबरला सर्वोच्च दर्जाची शिफारस दिली. आजवर अर्धशिशी टाळण्यासाठी कोणत्याही वनस्पतीला मिळालेला हा सगळ्यात मोठा मान होता.

पण या झाडात यकृताला घातक अशी अल्कलॉइड द्रव्ये असतात. ती अर्क करताना काढून टाकावी लागतात. यकृत बिघडल्याच्या तक्रारी येत राहिल्या. ब्रिटनने २०१२ मध्येच ही उत्पादने बाजारातून काढायला सांगितली आणि २०१५ मध्ये अमेरिकेतील त्या संस्थेनेही आपली शिफारस मागे घेतली. औषधाने गुण येत होता, तरी ते सोडावे लागले. वनस्पती आहे म्हणजे अपाय नाही, ही समजूत किती फसवी आहे हे यापेक्षा स्पष्ट सांगणारे उदाहरण मला माहीत नाही.

त्याच कंसातला २६ टक्क्यांचा आकडा पुन्हा पाहा. काहीही औषध नसलेल्या गोळीनेसुद्धा झटके चौथ्या हिश्श्याने कमी झाले. अर्धशिशी आपोआप कमी-जास्त होते आणि माणूस त्रास शिगेला पोहोचल्यावरच उपाय सुरू करतो. त्यानंतर जो उतार येतो त्याचे श्रेय उपायाला मिळते. शेजारच्या काकूंना 'अमक्या पुडीने फरक पडला' असे वाटते ते खोटे नसते. फरक पडलेला असतो, पण तो पुडीनेच पडला का, हे एकट्या काकूंच्या अनुभवावरून कळत नाही.

बाजरीवरचा अरगट

माण, खटाव, जत या भागातल्या शेतकऱ्यांना 'अरगट' हा शब्द नवा नाही. बाजरीच्या कणसावर चिकट गोड थेंब दिसू लागले की तो रोग आला असे समजायचे. म्हणून पेरणीपूर्वी बियाणे २० टक्के मिठाच्या पाण्यात टाकतात आणि वर तरंगणारे बी फेकून देतात. १९५० च्या दशकात तत्कालीन मुंबई राज्यात अरगट असलेली बाजरी खाऊन लोकांना उलट्या व गुंगी आल्याची नोंद आहे.

युरोपात 'राय' या धान्यावर याच जातकुळीतली बुरशी येते. तिच्यामुळे मध्ययुगात बोटे काळी पडून झडत. १९१८ मध्ये स्वित्झर्लंडच्या आर्थर स्टोल यांनी त्या बुरशीतून 'अर्गोटामीन' वेगळे केले आणि १९२० च्या दशकात ते अर्धशिशीवर वापरात आले. तेच द्रव्य आजही डोकेदुखीच्या काही गोळ्यांत असते आणि अनेक स्त्रियांच्या पर्समध्ये ती स्ट्रिप सापडते. विषातून औषध झाले ते मात्रा मोजल्यामुळे. मात्रा विसरली की ते पुन्हा विष होते. ही गोळी महिन्यात १० किंवा अधिक दिवस, आणि साधी वेदनाशामके १५ किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली तर गोळ्यांमुळेच रोज डोके दुखू लागते. गरोदरपणात आणि हृदयविकारात अर्गोटामीन पूर्ण वर्ज्य.

आम्ही झटके टाळण्यासाठी देतो त्या 'प्रोप्रॅनोलॉल'ची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. हे औषध मुळात हृदयासाठीचे. १९६६ मध्ये छातीच्या दुखण्यासाठी ते घेणाऱ्या काहींची अर्धशिशी कमी झाल्याचे लक्षात आले. सुरुवात रुग्णाच्या अनुभवातूनच झाली, जशी सुंठेची झाली. फरक पुढे पडला. प्रोप्रॅनोलॉल एकामागून एक प्रयोगांत टिकले, दमा असलेल्यांना ते द्यायचे नाही हे कळले आणि मात्रा ठरली.

मग तुम्ही काय करावे?

• झटक्याच्या सुरुवातीला सुंठ घालून गरम पाणी किंवा चहा जरूर घ्या. मळमळ कमी होईल, कदाचित वेदनाही. आम्लपित्त असेल तर बेताने. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर सुंठ-हळदीच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय घेऊ नका.

• सुंठेचा लेप लावायचा तर लावा. आग झाली तर धुऊन टाका. डोळ्यांत जाऊ देऊ नका.

• लेबल नसलेली, घटक न सांगणारी 'अर्धशिशीची पुडी' घेऊ नका. २००८ मध्ये इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांच्या तपासणीत सुमारे २१ टक्क्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. आयुर्वेदिक औषध घ्यायचे तर नोंदणीकृत वैद्यांकडून घ्या आणि ते मलाही सांगा.

• भिंतीवरच्या कालनिर्णयावर डोके दुखल्याच्या दिवशी फुली मारा आणि गोळी घेतली तर फुलीभोवती गोल करा. पाळी, उपवास, जागरण, ऊन हेही लिहा. तीन महिन्यांनी ते पान घेऊन दवाखान्यात या. महिन्यात चार किंवा जास्त दिवस वाया जात असतील तर टाळण्याचे औषध घेण्याची वेळ आली आहे असे समजा. ते बहुधा काही महिनेच लागते, जन्मभर नाही.

• एकाएकी कधी नव्हे एवढे डोके दुखणे, सोबत ताप व मान ताठ होणे, हातापायात कमजोरी, बोबडी वळणे, दृष्टी जाणे, डोक्याला मार लागणे, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतरची तीव्र डोकेदुखी, यांपैकी काहीही असेल तर ना लेप, ना पुडी. थेट हॉस्पिटल.

औषध झाडाचे की कारखान्याचे, हा माझ्यासाठी वादाचा मुद्दा नाही. ते कोणाला दिले, किती दिले, कोणाशी तुलना केली आणि अपाय मोजले का, एवढेच मी विचारतो. उद्या सातारी आल्याने किंवा सांगलीच्या हळदीने ही परीक्षा पास केली तर चिठ्ठीवर पहिल्या ओळीत मी तेच लिहीन. तोवर सुंठ चहात आणि हळद फोडणीत असू द्या, पण झटके टाळण्याची जबाबदारी त्यांच्या एकट्यावर टाकू नका.